टिकलीखालचं बटण

जळकोट, ता. तुळजापूर
आषाढातला शेवटचा सोमवार

श्री. अमरनाथशेट यांस, जळकोटहून तुमचा व्याही शरणप्पा याचा सप्रेम शरणार्थ. विहीणबाई गिरिजाबाईंनाही आम्हां उभयतांचा शरणार्थ सांगावा. त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे? आमच्या मंडळींनी, महेश्वरीनं, पाठवलेलं तेल लावतात, की बाटली देवघराच्या कोपऱ्यात तशीच आहे? (तशीच असली तरी हरकत नाही. आमच्या घरातली बाटलीही तशीच आहे, आणि गुडघा दुखायचाही थांबलेला नाही.) तुमची साखर ताब्यात असेल अशी आशा करतो. मागच्या खेपेला तुम्ही 'मला गोड चालत नाही' असं म्हणत म्हणत पुरणाच्या किती पोळ्या घेतल्या, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. जावईबापू नंदीशराव रोज परंड्याहून बार्शीला बँकेत जाऊन येऊन करतात, त्यांच्या पाठीला आराम पडो. इकडं सर्व ठीक. पाऊस बरा, सोयाबीन गुडघ्याला आलं आहे, युरियासाठी दुकानात माणसं येतात आणि युरिया नाही म्हटलं की माझ्याकडं मीच तो खाऊन टाकला असावा अशा नजरेनं बघतात.

पत्रास कारण असं, की तुम्ही फोनवर विचारलंत, 'शरणप्पा, तुम्ही दुकानातल्या कंप्युटरची आतली सिस्टीम बदलून घेतली म्हणे. आमच्या भांड्यांच्या दुकानातलाही जुना झालाय, बदलावा का?' आता हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही. शिवाय फोनवर तुमची एक सवय आहे, राग मानू नका. माणूस कामाचं बोलायला लागला की तुम्ही 'बघू की' म्हणता आणि बोलणं पावसावर नेता. पत्रात मला कुणी पावसावर नेऊ शकत नाही. (हातानं लिहितो आहे, कारण नव्या सिस्टीमला आमचा प्रिंटर ओळखू येत नाही. इतकी वर्षं एका टेबलावर काढली दोघांनी, पण ओळख नाही म्हणजे नाही.)

तर मुळापासून सांगतो. हा कंप्युटर आमची शिवलीला अकरावीत असताना घेतला. मी घेणार नव्हतो. बी-बियाण्याच्या दुकानाला बिलाचं पुस्तक आणि कार्बन पेपर याहून जास्त काही लागत नाही असं माझं मत होतं, आणि ते मत मी अजून पूर्ण सोडलेलं नाही. पण पोरगी हट्टाला पेटली, तिची आई तिच्या बाजूला गेली, आणि घरात मी अल्पमतात आलो. मग शिवलीलेनंच तो उघडला, जोडला, मला शिकवला. पुढं ती लग्न होऊन तुमच्याकडं आली, मी मात्र तिनं शिकवलेल्या चार गोष्टींवर दुकान चालवत राहिलो. त्यापलीकडं मी गेलो नाही, कंप्युटरही मला सोडून कुठं गेला नाही. गेल्या महिन्यात बिलाचा प्रोग्राम देणाऱ्यांनी कळवलं, की जुन्या सिस्टीमवर तो यापुढं चालणार नाही. म्हणून नळदुर्गच्या बलभीमला बोलावलं. पोरगा हुशार आहे, पण बोलताना डॉक्टरसारखा चेहरा करतो. त्यानं मशीन बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "अप्पा, ह्याचं आता कुणी बघत न्हाय. आतलं सगळं नवं टाकावं लागतंय. आठ दिस माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." महेश्वरीनं कंप्युटर जुन्या चादरीत बांधून दिला, वर बलभीमला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि तो मोटारसायकलवरून गेल्यावर रस्त्याकडं बघत बराच वेळ उभी राहिली. मी म्हणालो, 'मशीन आहे ते, परत येणार आहे.' ती म्हणाली, "म्हाईत हाय." आणि आत गेली.

आठ दिवसांनी कंप्युटर परत आला. बाहेरून तोच, तीच टेबलावरची जागा, तीच धूळ. (धूळ नवी असेल, पण जागा तीच.) पहिल्या सकाळी मी दुकान उघडलं, गल्ल्याला आणि पडद्याला विभूती लावली, बटण दाबलं आणि चहाची वाट बघत बसलो. चहा आला नाही. अमरनाथशेट, आमचं घर दुकानाच्या मागं आहे हे तुम्ही बघितलं आहे. पूर्वी कंप्युटर सुरू झाला की एक सूर वाजायचा, चांगला ठणठणीत. तो स्वयंपाकघरात ऐकू गेला की महेश्वरी आधण ठेवायची. यात कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, मागत नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं चहावरून भांडण नव्हतं. नवा सूर इतक्या अदबीनं वाजतो की काउंटरच्या पलीकडं जात नाही. मी पुढं बसून धुमसतोय, ती मागं बसून 'आज दुकान उघडायला उशीर का' म्हणून धुमसतेय. शेवटी मी आत जाऊन विचारलं, तर म्हणाली, "वाजलं कुठं? वाजल्याबिगर म्या कशाला च्या ठिवू?" तिचंही बरोबर होतं. तो दिवस दोघांनीही रागात आणि बिनचहाचा काढला.

दुसरी गोष्ट अपमानाची आहे, तुम्ही घरचे म्हणून सांगतो. बलभीमनं सिस्टीम टाकताना नावाच्या जागी सवयीनं स्वतःचं नाव घातलं. त्यामुळं रोज सकाळी माझ्या दुकानात, माझ्या गल्ल्यावर, मी लावलेली विभूती अंगावर घेऊन तो कंप्युटर मला 'बलभीम' म्हणून रामराम करतो. गिऱ्हाइकं हसतात. आमचा लिंबाजी, शेजारच्या शिवारातला, तर आता दुकानाच्या पायरीवरूनच "बलभीमशेट, हाय का युरिया?" असं ओरडतो. त्याला द्यायची वेळ आली तरी मी देणार नाही असं ठरवलं आहे.

पण खरी गंमत टिकलीची. शिवलीला मला शिकवत होती तेव्हा मला पडद्यावरची सुरुवातीची जागा सापडायचीच नाही. सगळं त्या एका बटणातून उघडतं, ते खाली डाव्या कोपऱ्यात असतं, हे ती सांगायची आणि मी विसरायचो. शेवटी वैतागून तिनं आपल्या कपाळाची लाल टिकली काढली आणि पडद्याच्या चौकटीवर, बरोब्बर त्या कोपऱ्याखाली चिकटवली. म्हणाली, "अप्पा, टिकली बघा आन् दाबा. दुसरं काय बघू नका." तेव्हापासून मी टिकली बघतो आणि दाबतो. आता नव्या सिस्टीममध्ये ते बटण कोपऱ्यातून उठून मधे जाऊन बसलं आहे. आणि टिकलीवरच्या जागी काय आलं आहे, तर हवामान. मी बिल करायला जातो, सवयीनं टिकलीवर बाण नेतो, आणि पडद्यावर भलामोठा ढग येतो, त्याखाली पावसाचा अंदाज. दोन-चार वेळा लिंबाजीनं हे बघितलं आणि गावात सांगितलं, की अप्पाच्या दुकानात पाऊस कळतो. आता सकाळपासून माणसं येतात, काउंटरला रेलून उभी राहतात आणि म्हणतात, "जरा टिकली दाबा की अप्पा." ढग दिसला की फवारणीचं औषध न घेता परत जातात, ऊन दिसलं की खत न घेता परत जातात. (म्हणजे पत्रातसुद्धा शेवटी पाऊस आलाच. तुम्ही जिंकलात.) बलभीम कंप्युटर बसवताना ती टिकली नखानं खरवडायला लागला होता. "जुना चिकट डाग दिसतोय," म्हणाला. मी त्याचा हात धरला. त्याच्याशी मी तेवढं एकदाच मोठ्या आवाजात बोललो.

आता चष्म्याचं सांगतो आणि पुरं करतो. मला चष्मा लिहिताना लागतो, रस्त्यावर बघताना लागत नाही. त्यामुळं मी तो कपाळावर सरकवतो आणि मग दिवसभर शोधतो. शिवलीला लहान असल्यापासून हे तिचंच काम होतं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात घरात हळदीची गडबड चालू असताना ती दुकानात येऊन बसली आणि कंप्युटरवर काहीतरी टकटक करत राहिली. तेव्हापासून कंप्युटर जरा वेळ नुसता राहिला की पडदा काळा व्हायचा आणि त्यावरून पिवळी अक्षरं सावकाश सरकत जायची : 'अप्पा, चष्मा कपाळावर आहे.' ती तुमच्याकडं नांदायला आली आणि ही अक्षरं इथं फिरत राहिली. मी ती वाचायचोच असं नाही, चष्म्याशिवाय मला ती दिसायचीही नाहीत. पण दुकानात येणारा जो तो वाचायचा आणि सांगायचा. चौथीतलं पोर गोळ्या घ्यायला आलं तरी अक्षर जुळवून वाचायचं आणि सांगायचं, "अप्पा, कपाळावर हाय की." मला वाटायचं, गावाला माझी फार काळजी आहे. आता पडदा नुसता काळा होतो. परवा मी सकाळभर चष्मा शोधला, पोती हलवली, तराजूखाली बघितलं. समोर लिंबाजी बसून होता. बघत होता, पण बोलला नाही. नंतर म्हणाला, "आता पाटीवर येत न्हाय, म्हणून म्हटलं नसंल हरवला."

तेव्हा मी गोणीवर बसलो आणि विचार केला, की आपण इतके दिवस कुणावर चिडलो आहोत? तो सुरुवातीचा सूर स्वयंपाकघरात जावा म्हणून आवाज वाढवून ठेवला होता तो शिवलीलेनं. टिकली तिची. अक्षरं तिची. कंप्युटरचं म्हणून मला जे जे आवडत होतं, त्यातलं कंप्युटरचं काहीच नव्हतं. लेक सासरी गेली तरी तिनं तीन-चार कामं इथं चालू ठेवली होती, आणि ती मी बलभीमच्या मोटारसायकलवर चादरीत बांधून घालवली. अमरनाथशेट, मला फार वाईट वाटलं. आमची पोर गुणी आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीच चारचौघांत सांगता, की सुनेशिवाय आमच्या दुकानाचं कुलूप निघत नाही. ते ऐकून मला अभिमान वाटतो. घरी येऊन महेश्वरीला सांगतो, तेव्हा तिला अभिमानही वाटतो आणि डोळेही पुसावे लागतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. कंप्युटर चालतो आहे तोवर चालू द्या. नवं घालून आत काय काय निघून जाईल, ते तो परत आल्याशिवाय कळत नाही. आहे ते बरं आहे. विहीणबाईंच्या गुडघ्याची आणि तुमच्या पुरणपोळीची काळजी घ्यावी. नंदीशरावांना आणि शिवलीलेला आमचे आशीर्वाद.

आपला,
शरणप्पा
(कंप्युटरच्या मते, बलभीम)

ता. क. वरचा सल्ला लिहून झाल्यावर मी पुन्हा विचार केला, आणि तो मागं घेतो. तुम्ही सिस्टीम जरूर बदलावी. काळाबरोबर राहिलं पाहिजे. उशीर करू नये. मी बलभीमशी बोलून ठेवलं आहे, तो स्वतः परंड्याला येऊन मशीन घेऊन जाईल. त्याला आठ दिवस लागतात. त्याच्या सवडीनं बघता नागपंचमीचा आठवडा अगदी सोयीचा पडतो. त्या आठवड्यात तुमच्या दुकानात कंप्युटर नसेल, म्हणजे बिलं नाहीत आणि जीएसटीचं रिटर्नही नाही. मग शिवलीलेनं तिथं बसून तरी काय करायचं, असा एक साधा विचार मनात आला. एसटी परंड्याहून सकाळी निघते. मी तुळजापूरच्या स्टँडवर येऊन थांबेन.

ता. क. दुसरा. महेश्वरीनं हे पत्र आत्ता वाचून घेतलं आणि म्हणाली, "इतकं वळसं कशाला घालता? पंचमीला लेक पाठवा म्हणून सरळ लिव्हा. मागल्या साली रिटर्न होतं, त्याच्या आदल्या साली बी रिटर्नच होतं. मागच्या लिंबाला झोका बांधायचा का न्हाय, तेवढंच इचारा." तेव्हा विचारतो. अमरनाथशेट, आमच्या मुलीला पंचमीला पाठवा. 'बघू की' असं म्हणू नका. कंप्युटर हवा तर बदला, नको तर राहू द्या, पण तिला पाठवा. झोक्याचा दोर मी आणून ठेवला आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. ती फिरणारी अक्षरं परत आणता येतात. बलभीम परवा आला होता, म्हणाला, "दोन मिनिटाचं काम हाय अप्पा, काय लिव्हायचं तेवढं सांगा." मी म्हणालो, राहू दे. ज्याचं काम त्यानंच येऊन करावं. मी हे पत्र पाकिटात घालण्याआधी पुन्हा एकदा वाचून बघणार होतो, पण चष्मा सापडत नाही. आत्ता लिहिताना होता. या ओळी अंदाजानं लिहितो आहे, अक्षर वरखाली झालं असेल तर सांभाळून घ्यावं. दुकानात चार माणसं बसली आहेत, सगळी माझ्या तोंडाकडं बघतायत, पण कुणी काही बोलत नाही.