रुमालाखालचा हात

अमरावती, वैशाख वद्य दशमी, शके १७८७

प्रिय खुशाल,

तीन कागद फाडले, हा चौथा. दोनदा उठून अंगणात जाऊन आलो, रांजणापाशी उभा राहिलो आणि पाणी न पिताच परत आलो. सुभद्रा वैतागली, म्हणाली, "काय घरभर फिरून राहिले? बसा ना एका जागी!" बसवत नाही रे. अमेरिकेतली लढाई संपल्याची तार मुंबईहून आली आणि कापसाच्या ज्या भावावर लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, तो आठ दिवसांत निम्म्यावर आला. कापूसबाजार ओस पडलाय. पण तुला हे मी काय सांगतो म्हणा! तुझ्याइतकं ते कोणाला लागलं?

तो फाल्गुनातला दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही. तिवशाहून तू बारा गाड्या घेऊन आलास. चार घरांचा कापूस, सगळा तुझ्या एकट्याच्या भरवशावर. भाव ठरवायची वेळ झाली तसा तू बाजाराच्या रीतीप्रमाणे, बोटांचा भाव कोणाला दिसू नये म्हणून, खांद्यावरचा रुमाल पसरलास आणि त्याखालून हात पुढे केलास. ज्याची मी कारकुनी करतो त्या आमच्या गोऱ्या व्यापारी साहेबाला हसूच फुटलं. तुझ्या घामेजल्या हाताची त्याला किळस आली, हे खरं कारण. मला म्हणाला, माझ्या वतीनं तूच हात घाल. मी घातला. तुझ्या बोटांनी भाव मागितला, मी तो साहेबाच्या कानात सांगितला, त्याने मान हलवली आणि मी तुझी बोटं दाबली.

तरी तू गाड्या सोडेनास. "हात तुहा अन् माल घेते थो. उद्या पलटला तं मी कोनाले धरू?" असं स्पष्ट विचारलंस. तेव्हा मी मोठा शहाणा! तोऱ्यात सांगितलं, अरे, साहेब जंटलमन आहे. म्हणजे काय, तू विचारलंस. मी म्हणालो, ज्याच्या शब्दाला कागद लागत नाही असा माणूस. अकोल्याला पंतोजींच्या शाळेत तू माझ्या पाटीवरची गणितं न पडताळता उतरवायचास, तसंच हेही मानलंस. गाड्या रिकाम्या झाल्या, कापूस गाठींत बांधला गेला. आता त्यातला तुझा कुठला, हे ब्रह्मदेवालाही ओळखता यायचं नाही.

भाव पडताच साहेब पलटला, ठरल्याच्या निम्मेच पैसे दिले, आणि तू फिर्याद केलीस. मग गुरुवारची ती कचेरी. तिथला दुभाषी तापाने पडला होता, म्हणून नेमकं मलाच उभं केलं. साहेब म्हणाला, मी कसलाच भाव कबूल केला नाही, माझा हात रुमालाखाली नव्हताच. हे मी तुला मराठीत सांगितलं. हाकिमाने विचारलं, मग कोणाचा होता? तेही मीच विचारलं, खुशाल, माझ्याच तोंडाने. तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "रुमालाखालचं चारचौघांत सांगत नसतेत. थे मी नाई सांगत." आणि मी मेल्याने ते इंग्रजीत करून दिलं, अगदी बिनचूक.

बाहेर त्या चार घरांतल्या तुमच्या नत्थुजीने तुला काय ऐकवलं तेही मला कळलं. साहेबाने पुरा भाव दिला आणि अर्धा खुशालने मधल्या मधे खाल्ला म्हणे! तरी तुझ्या तोंडून माझं नाव निघालं नाही. का, ते मला ठाऊक आहे. सुभद्रेचे दिवस भरत आलेत, माझी नोकरी जाईल, म्हणून. पण तुला कोणी सांगितलं होतं इतकं भलं व्हायला? रागच येतो तुझा. आणि स्वतःची तर लाज वाटते.

त्याच संध्याकाळी साहेबाने मला बसायला खुर्ची दिली. चार वर्षं त्याच्यापुढे उभा राहिलो, खुर्ची पहिल्यांदाच. म्हणाला, वामनराव, तू जंटलमन आहेस. घरी येऊन सुभद्रेला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे काय होते?" मी म्हणालो, सज्जन. तिने कणीक मळता मळता विचारलं, "मंग खुशालभाऊजीले काय म्हनते थो साहेब?" तुला तो काहीच म्हणत नाही. मळक्या धोतराच्या माणसाला तो शब्द लावलेला मी चार वर्षांत ऐकला नाही. कोटवाल्यांना लावतात, आणि आता माझ्यासारख्या तोंड शिवून बसणाऱ्याला. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

सोमवारी हाकिमापुढे पुन्हा पेशी आहे. आज सकाळीच कचेरीत सांगून आलो की दुभाषी दुसरा पाहा, मला साक्ष द्यायची आहे. साहेबालाही सांगितलं. खुर्ची गेली, नोकरीही गेली. सुभद्रा भांडी पोत्यात भरते आहे. बाळंतपण तिच्या माहेरी, अकोल्याला होईल. हे सगळं तुला आधीच कळवायला बसलो, कारण मी तुला ओळखतो. तिथेही मला वाचवायला जाशील आणि हात याचा नव्हता म्हणून मोकळा होशील. तसं करू नकोस, तुला माझ्या होणाऱ्या लेकराची शपथ. हाकिमाने विचारलं की माझं नाव घे. मग हात पुढे कर, मी सगळ्यांदेखत तीच बोटं तशीच दाबीन. रुमाल मात्र खांद्यावरच राहू दे.

तुझाच,
वामन