त्या सकाळचा बार

प्रिय अण्णा,

तुमची ठासणीची बंदूक आज मुरुडच्या पोलीस ठाण्यात जमा करून आले. परवाना असलेला माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, हे पोलीस पाटील दोनदा सांगून गेले होते. मीच चालढकल केली. पण पत्र त्यासाठी नाही. तीन दिवस मी तुमच्यावर रागावले होते, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

शनिवारी बंदूक गुंडाळायला घेतली. तुमची शिस्त आठवली, आधी गज नळीत सोडायचा. नळी रिकामी असेल तर गजावरची खूण बरोबर तोंडाशी येते. दहा वर्षांची असताना तुम्हीच शिकवलंत, आठवतं? खूण चार बोटं वर राहिली. पुन्हा सोडला. तेवढीच वर.

अण्णा, बंदूक भरलेली होती! सव्वा महिना तशीच खुंटीवर. आणि आई दर शनिवारी तुमच्यासारखंच तिला खोबरेल चोळत होती, नळी पोटाशी धरून.

शेजारच्या गणूकाकांना हाक मारली. त्यांच्याकडेही परवाना आहे. त्यांनी नळीचं तोंड माणसांपासून लांब धरलं, आत पाणी ओतलं आणि दारू भिजू दिली. दुसऱ्या दिवशी गजाला स्क्रू लावून काथ्याचा बोळा ओढला, तसे छर्रे आणि काळा चिखल बाहेर आला. अण्णा असं कसं विसरले, मी विचारलं. एवढ्यातेवढ्यावरून तुम्ही लोकांची बिनपाण्याने करायचात, आणि स्वतः?

काका खाली बघत म्हणाले, "त्या सकाळी बार झाला न्हाय गो. माझ्या ध्यानात यायला पायजे होतं."

रानडुकरं आली नाहीत की पहाटे वाडीची राखण संपवून तुम्ही खाडीच्या बांधात बार काढायचात. भरलेली बंदूक कधी उंबऱ्याच्या आत आणली नाहीत. त्या आवाजावर आई चहा टाकायची. त्या दिवशी तुम्ही छाती धरून आलात, बंदूक खुंटीला लावलीत आणि ओटीवर बसलात. आम्ही रिक्षासाठी धावलो. बार ऐकू आला का, हे कुणाच्या डोक्यात येणार?

तरीही माझा राग गेला नाही. आईला काही झालं असतं तर?

काल ब्लाउजला हूक लावायला शिवणाचा डबा उघडला. दवाखान्यातून तुमचा शर्ट परत मिळाला तेव्हा खिशात तांब्याचं काहीतरी इवलंसं होतं. तुटकं बटण समजून मी ते डब्यात टाकलं होतं. ती बंदुकीची केप होती. घोडा तिच्यावर आपटल्याशिवाय दारू पेटत नाही. छातीत कळ येत असतानाही तुम्ही ती काढून खिशात ठेवलीत. सांगायला मात्र वेळ मिळाला नाही.

मला माफ करा, अण्णा.

दादा म्हणतो, बंदूक सरकारला कायमची देऊन टाक. मी परवाना माझ्या नावावर करायचा अर्ज दिलाय. मिळेल तेव्हा मिळेल. पण ज्या रात्री वाडी राखीन, त्या पहाटे घराकडे वळण्याआधी बांधात बार निघेल, हा माझा शब्द. आईलाही सांगून ठेवलंय, बार ऐकू आला की चहा टाकायचा. नाही आला, तर बांधाकडे धावत यायचं.

तुमची,
सुमी