चाळीतले टीव्ही बंद होते तो रविवार

ती. अण्णा,

तीर्थरूप लिहिलं ते हाताच्या सवयीने. मनातून नाही, गैरसमज नको.

उद्या संध्याकाळी तुमची शोकसभा आहे. काल चाळीतली मंडळी दारात आली होती. "सुनंदा, तू चार शब्द बोल. अण्णांनी तुला लहानपणापासून बघितलेलं." मी म्हटलं, बोलते की! काय बोलणार ते आधी तुम्हाला कळवावं, म्हणून हे पत्र. पाठीमागे बोललेलं तुम्हाला कधी चालायचं नाही ना?

पण अण्णा, एवढी कसली घाई होती हो तुम्हाला? मंगळवारी गेलात. आजच्या रविवारपर्यंत कळ काढली असतीत तर काय बिघडलं असतं? मला तुमचा चेहरा बघायचा होता. किती वर्षं वाट बघितली मी त्याची! तेवढंही सुख दिलं नाहीत.

नळ आठवतो का? सगळ्या चाळीला अंगणात एकच नळ. पहाटे पाणी यायचं आणि निम्म्यांचे हंडे भरायच्या आत फुसफुसायला लागायचं. अंगणाच्या टोकाला तुमचं घर, चाळमालकाचं. वर टाकी, दारात जास्वंदीचा वाफा, भर मे महिन्यातही टवटवीत. एकदा नळावर आईच्या तोंडून निघून गेलं, "आमचं पाणी अण्णांच्या टाकीत जातंय."

झालं! त्याच संध्याकाळी तुम्ही सगळ्यांना बोलावून घेतलंत. आवाजसुद्धा चढवला नाहीत. कट्ट्यावर बसून शांतपणे म्हणालात, "पार्वतीबाई, पुरावा आणा. नसेल तर सगळ्यांसमोर माफी मागा." आई कुठून आणणार होती पुरावा? जमीन काय तिला हाताने उकरता येणार होती? तिने हात जोडले. मी शाळेच्या गणवेशात तिच्या मागे उभी होते. तुम्ही हसून म्हणालात, "जाऊ द्या, बाईमाणूस आहे."

त्यानंतर आई नळावर सगळ्यात शेवटी जायची. मिळेल तेवढं घ्यायची, बाकीचं फाटकापलीकडच्या विहिरीवरून आणायची. तिची कंबर आज वाकलीय ती वयामुळे, असं तुम्हाला वाटत होतं का?

पुढे मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लागले, तेव्हा तुम्हीच माझं कौतुक केलंत. पोरगी मशिनी बनवते म्हणून सगळ्यांना सांगितलंत. कसल्या मशिनी ते मात्र विचारलं नाहीत! जमिनीतला धातू शोधायच्या, अण्णा. मेटल डिटेक्टर. मी तपासणीच्या टेबलावर असते. साहेबांची परवानगी काढून गेल्या रविवारी एक मशीन घरी आणलं.

वेळ मुद्दाम टीव्हीवरच्या सकाळच्या मालिकेची निवडली. सगळी चाळ घरात, अंगणात चिटपाखरू नाही. मी स्वतःला फार हुशार समजत होते. दांड्याच्या टोकाची थाळी जमिनीजवळ नेली मात्र, आणि मशीन बोंबलायलाच लागलं! रिकाम्या फरशीवर वाजतंय, थाळी हलवली नाही तरी वाजतंय, मशीनवरचा काटा नुसता नाचतोय. एकटे तुम्ही तेवढे कट्ट्यावर बसून चहा पीत होतात. "काय गं सुनंदे, सोनं शोधतेस काय? सापडलं तर मालकाचा वाटा विसरू नकोस हां!" ते हसणं मी विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या शैलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं वेडे, आजूबाजूला टीव्ही चालू होते का?"

कपाळावर हात मारून घेतला मी! अंगणाच्या दोन्ही बाजूंना खोली खोलीत टीव्ही चालू आणि त्यात मी सेन्सिटिव्हिटीचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं. टीव्ही-मोटारींच्या विजेने मशीन उगाच वाजतं, म्हणून कारखान्यात आम्ही टेस्टिंगची खोली वेगळी ठेवतो, आणि घरी नेमकी तीच वेळ गाठली. शिवाय गिऱ्हाइकाला खिळे नको असतात, म्हणून लोखंड गाळायचं बटण चढवलेलं असतं, ते तसंच राहिलेलं. लोखंडाचा पाइप शोधायला निघाले होते, लोखंड गाळून!

म्हटलं, पुढच्या रविवारी मालिका संपल्यावर बघू. पण संपल्यावर सगळे अंगणात येतात, आणि मुलांच्या क्रिकेटमध्ये कुणाला काय ऐकू येणार?

आणि मंगळवारी तुम्ही गेलात. चाळीने ठरवलं, अण्णांच्या दुखवट्यात या रविवारी कुणीही टीव्ही लावायचा नाही. काही जण कुरकुरले, मालिकेत युद्धाचा भाग होता म्हणे. पण तुमचा शब्द मेल्यावरही चालतो!

बघा अण्णा, तुमच्याच दुखवट्याने माझं काम केलं.

आज सकाळी चाळ गप्प होती. मशीन घेऊन आधी नळापाशी गेले. थाळी वर-खाली करून आवाज एकसारखा होईपर्यंत जमिनीचं बटण जुळवलं, म्हणजे नुसत्या मातीवर मशीन वाजत नाही. लोखंड गाळणं बंद केलं. सेन्सिटिव्हिटी एवढी उतरवली की रिकाम्या जागेवर मशीन गप्प राहील. मग नळाच्या पाइपावर थाळी फिरवली आणि काटा कुठे थांबतो ते बघून ठेवलं. आडवी फिरवा, उभी फिरवा, काटा तिथेच. मग तोच काटा धरून पुढे सरकले. एखादा खिळा लागला तर काटा थरथरायचा, दुसऱ्या बाजूने आलं की सरकायचा. ते सोडून दिलं. जिथे दोन्हीकडून काटा तिथेच थांबला, तिथे चुना टाकत गेले. दुखवट्यात अंगणात रांगोळी काढत नाहीत, एवढं मला कळतं, म्हणून चुना.

रेघ तुमच्या कट्ट्याखालून गेली, जास्वंदीच्या वाफ्यातून गेली आणि तुमच्या भिंतीला टेकली. एव्हाना चाळीतले सगळे दारात येऊन उभे होते.

काकू, तुमच्या पत्नी, खिडकीत होत्या. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी दार उघडलं. "आत ये सुनंदा. मोरीपर्यंत ओढ. पाणी टाकीकडे वळवायचा कॉक तिथे आहे."

काकूंचा राग येत नाही का? येतो ना! इतकी वर्षं पहाटे तो कॉक कोण फिरवत होतं? पण त्यांचं नंतर बघू, आज फक्त तुमचं.

मग आई आली. रेघेच्या कडेकडेने, कमरेवर हात ठेवून, नळापासून तुमच्या दारापर्यंत चालली. माझ्या हातातला चुन्याचा डबा घेतला आणि कट्ट्यापाशी रेघ बारीक झाली होती तिथे जाड केली. मग मला विचारलं, "म्हणजे माझी चूक नव्हती ना गं?"

ऐकताय ना, अण्णा? इतक्या वर्षांत तिचं तिलाच वाटायला लागलं होतं की आपण खोटं बोललो! पाणी चोरलंत त्याचं काय, ते आता पाइप कापून परत घेऊ. हे कसं परत करणार तुम्ही?

दुपारी चाळीतले दोघे आले. "सुनंदा, उद्याचं भाषण राहू दे हां. मेल्या माणसाचं कशाला उकरायचं?" मी विचारलं, "जिवंत बाईला हात जोडायला लावलेलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?" चहा न घेताच गेले.

तुमच्यासाठी देवाकडे शांती मागवत नाही मला. मागणारही नाही. पण एक वचन देते. उद्या सभेत तुमच्या फोटोसमोर उभी राहून हे पत्र मी मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. कुणी थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन. आई पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेली असेल.

पार्वतीबाईंची मुलगी,
सुनंदा