पोपसाहेबांची मिस्सा

येरुहाम, इस्राएल, २ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप बाबांस,

वारलेल्या पोपसाहेबांच्या आत्म्यासाठी प्रभूच्या देशातल्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण करव, असं तुम्ही लिहिलंत. घरातली पहिली बी.ए. तिथं दर रविवारी चर्चला जाते, हे तुम्ही अख्ख्या वसईला सांगितलंय. बाबा, मी इथलं चर्च पाहिलेलंही नाही. इकडे यायचे कागद करताना मुंबईच्या कचेरीत हनोखने आपली बायको यहुदी आहे, असं नोंदवलं. इथं आई यहुदी नसेल तर लेकही यहुदी धरत नाहीत; खरं कळलं तर माझ्या डिनाचं इथं कधी लग्न होणार नाही.

पोपसाहेब वारल्याची बातमी शेजारच्या मलकाबाईंच्या रेडिओवर आली. गावात घंटा वाजली की उठतो, तशी मी हातातली भाजी टाकून उभी राहिले.

"काय गो, तुझा कोण लागत होता तो?" त्या हसून म्हणाल्या.

"कोणी नाही," मी म्हटलं आणि खाली बसले.

प्रभूला पकडलं तेव्हा पेत्रानेही असंच सांगितलं होतं, मी त्याला ओळखत नाही म्हणून. पण त्याला बाहेर जाऊन रडता आलं. इथं बाहेर उघडं वाळवंट आहे, आणि दारादारात ओळखीची माणसं.

हे पत्र मी जाळीन. दुसरं लिहायला घेतलंय: मिस्सा झाली, गर्दी होती, तुमचंही नाव घेतलं.

तुमची,
सिसिल