चपलेच्या पलीकडे

केज, मंगळवार, दिवेलागण

नांदूरघाटच्या कष्टकऱ्यांच्या सभेत आज मला शेवटून दुसरं बोलायला लावलं. आपल्याकडे शेवटचा वक्ता तोच मोठा. वीस वर्षं तो मान माझा होता. आज तो कॉलेजातल्या नव्या शेख मॅडमना.

त्यांनी एक इंग्रजी शब्द सांगितला, अल्ट्राक्रेपिडेरियन. ज्यातलं कळत नाही त्यावर मत ठोकणारा. लॅटिनमध्ये 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे, 'क्रेपिडा' म्हणजे चप्पल. चप्पल शिवणाऱ्यानं चित्रातल्या चपलेची चूक दाखवली, चित्रकारानं ती सुधारली. मग त्यानं पायाची चूक काढली, तेव्हा चित्रकार ओरडला, चपलेच्या वर जाऊ नकोस. त्यावरून हा शब्द.

मी मनात खूश झालो. माणसाला पायरी दाखवणारी गोष्ट, तीही या सभेत; आता मॅडम फसणार! पण मॅडम म्हणाल्या, "ज्यानं जन्मभर लोकांचे पाय हातात घेतले, त्याला पाय कळत नाही?"

सभा उसळली. हे वाक्य माझं होतं. राबणाऱ्या हातांनाही ज्ञान असतं, याखेरीज आयुष्यभर मी दुसरं काय बोललो? मग मला का सुचलं नाही? घरी येताच शब्दकोश उघडला, निदान शब्द तरी चुकलेला निघावा म्हणून. अचूक होता.

पण खरं टोचतंय ते परतीच्या जीपमधलं. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "सर, पायाचं लई भारी बोलली पोरगी. तुमचीच इद्यार्थिनी हाय ना?"

मी 'हो' म्हणालो. ती माझ्या वर्गात एक दिवसही बसलेली नाही.