वरच्या मजल्यावरचे जावई

तेलीबांधा, रायपूर
अधिक श्रावण, २००४

प्रिय शामराव यांस अनंतरावाचा सप्रेम नमस्कार.

वर्ध्यास तुमचे गुडघे आणि वहिनींचा दमा आटोक्यात असावा. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात सकाळपासून टाकीत थेंब नाही, आणि त्याला तुमची मुलगी आणि जावई कारण आहेत. त्यांना माझा वरचा मजला दसऱ्याच्या आत खाली करायला सांगा. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

रायपूर राजधानी झाले आणि ज्याच्या घराला गच्ची होती तो तो घरमालक झाला. मीही फंड ओतून मजला चढवला. तुम्ही लिहिलेत, सुशीलची बदली तिकडे झाली आहे, आपल्या माणसाला जागा द्या. दिली. भाडेकरू म्हणून दिली, हे ध्यानात असू द्या. पण सामान उतरले त्याच दिवशी आमच्या वनमालाने रूपालीची ओटी भरली आणि "हे माहेरच समज वो पोरी" म्हणून मोकळी झाली. त्या एका खणानारळाने माझा घात केला. रूपाली लेक झाली म्हणजे सुशील आपोआप जावई, आणि जावयाला नळाचा वायसर बदलायला लावणे आपल्यात शोभत नाही. (मागचा भाडेकरू फ्यूज स्वतः बांधायचा. बिचारा परका होता.)

आता नळ गळो की बटण जळो, जावईबापू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून आदराने हाक मारतात, "बाबा, जरा देखिए ना." (मराठी सगळे समजते, उत्तर मात्र हिंदीत.) मी अडुसष्टाव्या वर्षी पाना घेऊन जिना चढतो. वर पोचलो की रूपाली आधी चहा पुढे करते, त्यामुळे धड रागावताही येत नाही. तुळशीराम प्लंबरला निरोप धाडावा तर तो "हव बाबूजी, काली आहूं" म्हणतो, आणि त्याचा तो उद्या मागच्या पावसाळ्यापासून उजाडलेला नाही.

तरी मी सोसले. त्यात आला धोंड्याचा महिना. वनमालाने जावयासाठी तेहतीस अनारसे तळले, वर ठेवायला चांदीचा दिवा आणायचे ठरले. मी भिडेखातर विचारले की दिवाच चालेल ना. जावई लाजले आणि म्हणाले, "बाबा, दिया रहने दीजिए, नई मोटर लगवा दीजिए. पुरानी हवा पकड़ती है." हेच मालकाकडे मागितले असते तर मी दोन वर्षे सहज टोलवले असते. वाणात मागितलेली वस्तू नाकारायची कशी? मी वनमालाकडे पाहिले. ती म्हणाली, "जावयाले नाही म्हणतात काय?" मोटर आणली, तिला हळदकुंकू वाहिले, अनारशांसकट दान दिली. तुळशीराम अर्थातच आला नाही, म्हणून काल दान घेणारा बसून राहिला आणि देणाऱ्यानेच ती जोडली. आज सकाळी जोड निसटला, आणि टाकीभर पाणी जिन्यावरून थेट माझ्या देवघरात उतरले. वरून आवाज आला, "बाबा, संभल के." मी घरमालक आहे की सासरा, हे एकदा तुम्हीच ठरवा.

आपला संतप्त,
अनंतराव

ता. क. वनमालाला या पत्राचे ठाऊक नाही. उत्तर माझ्याच नावे टाकावे.

ता. क. २ आता मुद्द्याचे. गणपती उठले की तुम्ही रूपालीला बाळंतपणासाठी न्यायला येणार, असे कळले. पहिले बाळंतपण माहेरी, हे मलाही मान्य आहे. कोणत्या माहेरी, ते कुठे लिहिलेले नाही. तिकडे वहिनींना दमा, इथे वनमाला धडधाकट आहे आणि डॉक्टरीण चार घरे सोडून आहे. आम्हाला मूलबाळ नाही, तुम्ही जाणताच. मागायला लाज वाटते, पण मागतो. मजला खाली करण्याविषयी लिहिले ते फक्त सुशीलरावांपुरते समजावे. तेही राहिले तरी चालेल.

ता. क. ३ बाळंतिणीसाठी बाज विणून घेतली आहे. ती जिन्यात वळत नाही, म्हणून खाली आमच्याच खोलीत टाकली आहे. आम्ही दोघे ओसरीवर निजायची सवय करतो आहोत.