थेंब टाकण्यासाठी क्लिक करा

१४ जुलै
ऐतिहासिक दिवस. आमच्या सेलूच्या कॉलेजात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची जीवशास्त्राची सगळी प्रॅक्टिकल्स यंदापासून व्हर्च्युअल. कल्पना माझी. प्राचार्य प्रभाकरराव एवढंच म्हणाले, "पोरं शिकतीन ना पण?" म्हटलं, सर, जग कुठं चाललंय बघा. तानबा शिपायाकडून सगळे मायक्रोस्कोप कपाटात ठेवून घेतले. कुलूप लागलं तेव्हा फार हलकं वाटलं. तात्त्विक आनंद असावा.

माझी पीएच.डी. पाणपक्ष्यांवर. म्हणजे दुर्बीण. दुर्बीण काय, मायक्रोस्कोप काय, तत्त्व एकच, फक्त उलटं.

१९ जुलै
मुलांच्या आधी स्वतः सिम्युलेशन केलं. कांद्याच्या मुळातलं पेशीविभाजन. 'थेंब टाकण्यासाठी क्लिक करा.' क्लिक केलं, रंगाचा थेंब पडला. 'दाबण्यासाठी क्लिक करा.' दाबलं गेलं. हात कोरडे. शेवटी क्विझ. दहापैकी चार. प्रश्न नीट काढलेले नाहीत, कोणीतरी इंजिनिअरनं काढले असावेत. जया मागे उभी होती. म्हणाली, "चारच? पोरायले नका सांगू." बायकोनं पाठीमागून स्क्रीन पाहू नये असा नियम करणार.

२ ऑगस्ट
पहिलं प्रॅक्टिकल. निम्मे कॉम्प्युटर सुरू झाले नाहीत, उरलेले लाईट गेल्यावर बंद पडले. तरी उत्साह दांडगा. घरून मोबाईलवर करा, सांगितलं. प्रेरणा भोयर म्हणाली, पवनारला घरात रेंज नाही, धाम नदीच्या घाटावर जाऊन बसावं लागतं. म्हटलं, निसर्गाच्या सान्निध्यात जीवशास्त्र, आणखी काय पाहिजे?

ही मुलगी जरा नकारात्मक आहे. तिला पुढं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचंय. उभी राहून विचारते, "सर, खरा मायक्रोस्कोप कवा काढसान?" पुढच्या आठवड्यात, म्हटलं. आणि समजावलं की पुढं सगळं मशीनच करणार. तर म्हणते, "पण मशीनमंदी स्लाईड तर कोणी ठेवीन ना, सर?" विषय बदलला.

२३ ऑगस्ट
काल पोळा, आज रिझल्ट. वर्गाची सरासरी सत्त्याण्णव टक्के! मुकेश, जो ॲडमिशननंतर फिरकलाच नाही, त्यालाही पैकीच्या पैकी. त्याच्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात प्रेरणाचं नाव दिसतं. सहकार्याची भावना वाढते आहे. ग्राफ काढून प्राचार्यांना पाठवला.

१३ सप्टेंबर
वर्ध्याला कार्यशाळेत माझं भाषण. 'भीतीमुक्त प्रयोगशाळा.' टाळ्या. शेवटी शकुंतलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका उठल्या. म्हणाल्या, "तुमच्या मुलांच्या बोटाले कधी रंग लागतो का हो?" मी म्हणालो, मॅडम, बोटं अभ्यासक्रमात नाहीत. सभागृह हसलं. जिंकलो.

जेवणात जिलेबी होती. खाववली नाही. ॲसिडिटी.

११ ऑक्टोबर
प्रेरणा आणि दोन मुली स्टाफरूमच्या दारात. हातात काचेचा ग्लास, ग्लासावर कांदा, खाली पाण्यात पांढरी मुळं. पवनारहून बसनं उभ्यानं आणलेला. "सर, मुळं आणली. पाच मिनटं उघडा ना कपाट." म्हटलं, किल्ली तानबाकडे आणि तानबा रजेवर.

तानबा समोरच व्हरांड्यात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नोटीस बोर्ड वाचायला लागलो. मुलींनीही त्याला पाहिलं असावं. ग्लास खिडकीत ठेवून गेल्या.

कारण एवढंच की मला रिपोर्ट पूर्ण करायचा होता. दिवाळीनंतर नक्की दाखवणार. त्याआधी एकदा एकट्यानं बसून हात साफ करून घ्यावा. बस, उजळणी म्हणून.

१४ नोव्हेंबर
उजळणी राहिली. उद्या विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरच्या परीक्षक नागपूरच्या डॉ. मोहिनी देवतळे. फोनवर आमच्या उपक्रमाबद्दल सविस्तर सांगितलं. "छान. मायक्रोस्कोप आहेत ना पण?" आहेत, म्हटलं. यात काहीही खोटं नाही.

१५ नोव्हेंबर
आज लिहायचं नाही.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
मॅडमनी कांद्याची मुळं आणि मायक्रोस्कोप टेबलावर मांडायला लावले. स्लाईड करा आणि दाखवा, म्हणाल्या. वर्ग नुसता बघत राहिला. मुकेशनं रंगाची बाटली उलटी केली, टेबल लाल. एका मुलीनं काच एवढ्या जोरात दाबली की बोट कापलं. प्रेरणानं स्लाईड कशीबशी केली, पण मायक्रोस्कोपात तिला काहीच सापडेना. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हीच एक दाखवा. पोरांना धीर येईल."

बसलो. एक डोळा मिटला. फोकसचं मोठं चाक फिरवलं. काही दिसेना. अजून फिरवलं. अजून. कट्‌ असा आवाज झाला. भिंग टेकून प्रेरणाची स्लाईड फुटली होती.

मॅडम माझ्याशी नाही, मुलांशी बोलल्या. अगदी हळू. "सरांनी कधी दाखवलं नव्हतं का रे?"

मी खाली पाहत होतो. प्रेरणाचा आवाज आला. "दाखवलं होतं, मॅडम. आमच्याच ध्यानात नाई राह्यलं."

तिथं मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काचेचे तुकडे गोळा करत राहिलो.

मॅडम म्हणाल्या, आज मार्क भरत नाही. पुढच्या शनिवारी परत येते, तोवर शिकवा. 'शिकवा' म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. मोठ्या मनाची बाई.

१६ नोव्हेंबर
चाक जाम होतं. महिनोन्‌महिने कपाटात राहिलं की होतंच. जयाला तसं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थे पोरगी तुमच्यासाठी खोटं बोलली. अन्‌ तुमी काऊन गप राह्यले?"

जेवलो नाही. ॲसिडिटी नाही.

ठरलं. उद्या भर वर्गात प्रेरणाची माफी मागायची. वाक्यही तयार आहे.

१७ नोव्हेंबर
मीटिंग होती.

१८ नोव्हेंबर
मीटिंग नव्हती. वर्गाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. मात्र तानबाला सांगितलं, कपाट उघडं ठेव, मुलांना हवं तेव्हा वापरू दे. एवढं तरी केलं.

२० नोव्हेंबर
लॅबमध्ये गेलो. माफीचं वाक्य तोंडात तयार. आत आमची पोरं टेबलाला चिकटलेली, सगळ्यांची बोटं लाल. दोन दिवस आपली आपणच खटपट करत होती. चुकत, काचा फोडत, एकमेकांना सांगत जमवलंय. मुकेशसुद्धा! परवा परीक्षा, पास होतील असं वाटतं. माझ्याशिवाय.

मी म्हटलं, "प्रेरणा, त्या दिवशी..." तिनं पुढं बोलूच दिलं नाही. स्टूल ओढलं. "बसा ना, सर. पाहा, मस्त दिसून राह्यलं."

बसलो. डोळा लावला. आणि दिसलं! खरंच दिसलं. काळ्या, बारीक, वळलेल्या रेषा, एका ओळीत. इतकी वर्षं पुस्तकात शिकवलेलं डोळ्यांसमोर. मी जवळजवळ ओरडलोच, "क्रोमोसोम! या रे सगळे, पाहा!"

सगळे जमले. प्रेरणानं वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "सर, पाहताना डोळा जरासा मागं घ्या. थे तुमच्या पापणीचे केस हायेत."

तरी बाकीच्यांनाही ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.